खर्जाचा सौदा : बासचं जुनं ऑक्टेव्ह पेडल घेताना आणि विकताना

वापरलेल्या पेडलांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास सापडतं : 'ट्रॅकिंग नीट होत नाही, म्हणून विकतोय.' बास गिटारचं ऑक्टेव्ह पेडल विकायला काढणारे कितीतरी जण हेच कारण देतात. पुढे तेच पेडल दुसऱ्या कुणाकडे जातं आणि तो त्याची तोंड भरून स्तुती करतो. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नसतं. डिस्टॉर्शनचं किंवा डिलेचं पेडल कुणाच्याही हाती द्या, ते साधारण सारखंच वागेल. ऑक्टेव्ह पेडलचं तसं नाही. वादकाचा हात, बासचे पिकअप, तारा, तार कुठे छेडली जाते, या सगळ्यांवर त्याचं वागणं ठरतं. एकाच्या हातात अडखळणारं पेडल दुसऱ्याच्या हातात सुरळीत चालतं. म्हणून ही पेडलं सारखी हात बदलत राहतात, आणि म्हणूनच नव्या कोऱ्या पेडलवर एकदम पैसे घालण्यापेक्षा वापरलेलं घेऊन पाहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. जमलं नाही तर थोड्याफार फरकाने ते पुन्हा विकता येतं. फक्त त्या डबीच्या आत काय चाललेलं असतं हे आधी समजून घ्यायला हवं. ते कळलं की कुठलं पेडल महाग का, तपासायचं काय आणि विकताना लिहायचं काय, हे सगळं आपोआप सुटत जातं.

या पेडलचं काम सांगायला सोपं आहे. आपण वाजवलेल्या स्वराच्या एक सप्तक खालचा, कधी दोन सप्तकं खालचा स्वर ते सोबत उभा करतं. सप्तकभर खाली जाणं म्हणजे कंपनसंख्या निम्मी होणं. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा ज्या षड्जाला लावलेल्या असतात, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येवर खर्जाची तार बोलते, तसंच हे गणित. चार तारांच्या बासवर सगळ्यांत जाड ई तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 41.2 कंपनं होतात, म्हणजे 41.2 हर्ट्झ. तिच्यावरची ए तार 55 हर्ट्झची, डी 73.4 ची आणि जी 98 ची. हे चार आकडे खिशात असू द्यावेत. पेडल तपासताना त्यांचाच उपयोग होतो.

आता विजेच्या सर्किटने कंपनसंख्या निम्मी कशी करायची? जुन्या ॲनालॉग पेडलांनी काढलेली युक्ती मला आजही फार देखणी वाटते. आधी स्वरातले वरचे, टोकदार हार्मोनिक फिल्टरने गाळून टाकायचे, म्हणजे मागे बऱ्यापैकी गोल लहर उरते. मग त्या लहरीचं शिखर आलं की खूण करणारं एक सर्किट ठेवायचं. त्या खुणेने फ्लिप-फ्लॉप नावाची एक चिमुकली कळ उलटसुलट होते. बॉलपेनचं बटण डोळ्यांसमोर आणा : एकदा दाबलं की टोक बाहेर, पुन्हा दाबलं की आत. टोकाचा एक फेरा पुरा व्हायला बटण दोनदा दाबावं लागतं. फ्लिप-फ्लॉपही तसाच, दोन लहरींमागे त्याचा एक फेरा होतो. म्हणजे झालीच कंपनसंख्या निम्मी. त्याच्यापुढे तसलाच आणखी एक जोडला की पाव, म्हणजे दोन सप्तकं खाली.

फ्लिप-फ्लॉपमधून थेट निघणारा आवाज मात्र चौकोनी लहरीचा, करकरीत आणि फझसारखा असतो. एमएक्सआरच्या 1970 च्या दशकातल्या ब्लू बॉक्सने तोच आवाज आपलासा केला. दोन सप्तकं खालचा तो फाटका आवाज ज्यांना आवडतो त्यांना दुसरं काही चालत नाही. बॉसच्या ओसी-2 ने वेगळी वाट धरली. त्यात फ्लिप-फ्लॉपचा आवाज ऐकवत नाहीत, त्याला फक्त पहारेकरी म्हणून वापरतात. त्याच्या इशाऱ्यावर तुमच्याच तारेची गाळलेली लहर एकदा जशीच्या तशी पुढे जाते, पुढची लहर उलटी होऊन जाते, त्यापुढची पुन्हा सरळ. सरळ आणि उलटी मिळून एक नवी, दुप्पट लांबीची लहर तयार होते, आणि ती सप्तकभर खाली ऐकू येते. यातला कच्चा माल तुमच्याच तारेचा असतो. त्यामुळे जोरात छेडलं की खालचा स्वर मोठा येतो, हळू छेडलं की लहान, आणि मूळ स्वर विझत गेला की तोही सोबत विझतो. ओसी-2 चा आवाज सिंथेसायझरसारखा गोल असूनही बोटांचा वाटतो, त्याचं मूळ इथे आहे.

हीच उलटवण्याची युक्ती एका लहरीच्या आत केली, म्हणजे तिचा खालचा अर्धा भाग वर दुमडला, तर उलट परिणाम होतो : लहर दुप्पट वेळा वर येते आणि वरचं सप्तक ऐकू येतं. रॉजर मेयर या इंग्लिश तंत्रज्ञाने जिमी हेन्ड्रिक्ससाठी बनवलेलं ऑक्टेव्हिया याच तत्त्वावर चालतं. 1967 सालच्या 'पर्पल हेझ'च्या सोलोमध्ये ते ऐकू येतं. बासवाल्यांना वरच्यापेक्षा खालच्या सप्तकाची ओढ जास्त, म्हणून ते आपण इथेच सोडू.

ट्रॅकिंगची, म्हणजे वाजवलेल्या स्वराचा अचूक माग न लागण्याची, तक्रार कुठून येते तेही आता दिसतं. शिखरं मोजणारं सर्किट भाबडं असतं. बासच्या जाड तारेवर मूळ स्वरापेक्षा त्याचा दुसरा हार्मोनिक पुष्कळदा जास्त जोरकस असतो, ब्रिजजवळ छेडलं तर हमखास. मग एकाच लहरीत दोन शिखरं दिसतात, मोजणी दुप्पट होते आणि खालचा स्वर उडी मारून वर जातो. स्वर विझत आला की काही शिखरं मोजणीच्या उंबरठ्याखाली राहतात आणि शेवटी गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. दोन तारा एकदम वाजल्या तर लहरींची सरमिसळ होते आणि मोजणीच कोलमडते. शिवाय लहर मोजायची तर ती आधी पूर्ण यावी लागते. मोकळ्या ई तारेची एक लहर सुमारे 24 मिलिसेकंदांची असते, जी तारेवर बाराव्या फ्रेटच्या स्वराची जेमतेम 5 ची. खालच्या स्वरांवर पेडल मागे पडल्यासारखं वाटतं, त्यात त्याचा दोष नसतो.

आणि मुळात ई तारेखाली सप्तकभर जाऊन मिळणार काय? 20.6 हर्ट्झ. माणसाच्या कानाची खालची हद्द 20 च्या आसपास मानली जाते, आणि बासच्या नेहमीच्या कॅबिनेटचा आवाज तिथे पोचायच्या किती तरी आधीच ओसरतो. तिथे ट्रॅकिंग अगदी अचूक असतं तरी ऐकायला काही नव्हतं. ऑक्टेव्ह पेडलचं खरं रान वर आहे : ए तारेच्या मधल्या फ्रेटपासून पुढे, डी आणि जी तारांवर. जी तारेच्या बाराव्या फ्रेटचा स्वर 196 हर्ट्झ, एक सप्तक खाली 98, दोन सप्तकं खाली 49. हे सगळे स्वर ॲम्पमधून भरीव ऐकू येतात. ज्यांनी या पेडलचं सोनं केलं त्यांनी हात वर सरकवला, खालचा भाग पेडलवर सोपवला. 1980 च्या दशकात पीनो पलाडिनो या वेल्श बासवादकाने फ्रेटलेस बास आणि ओसी-2 यांच्या जोडीतून जो आवाज काढला, त्याने पॉप संगीतातल्या बासची चवच बदलली. पुढच्या पिढीत टिम लफेव्र यानेही ओसी-2 ला आपल्या आवाजाचा भाग केलं. डेव्हिड बोवीच्या 2016 मधल्या 'ब्लॅकस्टार' अल्बमवर बहुतांश बास त्याचाच आहे.

ई तारेवर पहिल्या चार फ्रेटमध्ये वाजवायची सवय असलेल्या वादकाने हे पेडल घेतलं, तर त्याला ते बिघडलेलं वाटणार आणि तो विकायला काढणार. घेणाऱ्यासाठी ही चांगली संधी असते. घेतल्यावर मात्र स्वतःच्या हाताकडेही बघावं लागतं. मानेजवळचा पिकअप वापरायचा, टोनचा नॉब बराच उतरवायचा, तार फिंगरबोर्डच्या टोकापाशी छेडायची, बाकीच्या तारा बोटांनी दाबून गप्प ठेवायच्या, आणि पेडल साखळीत सगळ्यांत आधी जोडायचं. फ्लॅटवाउंड तारा असतील तर आणखी चांगलं. एवढ्याने अर्धीअधिक 'नादुरुस्त' पेडलं दुरुस्त होतात.

एका वेळी एकच स्वर झेलायच्या या मर्यादेवर डिजिटल पेडलांनी उपाय काढला. डिजिटेकचं व्हॅमी 1989 मध्ये आलं. पायाने पेडल वाकवत स्वर सप्तकभर वर-खाली नेता येतो ही त्याची ख्याती. 'सेव्हन नेशन आर्मी' या 2003 च्या गाण्याची जगभर गुणगुणली जाणारी ती खालची धून बासवर वाजलेली नाही. जॅक व्हाइटने गिटार व्हॅमीमधून सप्तकभर खाली उतरवली आहे. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं पॉग 2005 मध्ये आलं आणि त्यावर अख्खे कॉर्ड वाजवले तरी प्रत्येक स्वराला आपापलं सप्तक मिळू लागलं. मायक्रो पॉग, नॅनो पॉग, टीसी इलेक्ट्रॉनिकचं सब अँड अप, अशी पुढची फळी आज जुन्या बाजारात भरपूर दिसते. ती फारशी अडखळत नाहीत, ई तारेवरही बऱ्यापैकी टिकतात, आणि वरचं सप्तकही देतात. खालच्या सप्तकाला मात्र ऑर्गनची छटा येते. चर्चमधल्या गायनाला, संथ गाण्याला, एकट्याने बास वाजवायला ती छान वाटते. फंकच्या तुटक ठेक्यात ती मला मऊ पडल्यासारखी वाटते.

बॉसनेही 2003 मध्ये ओसी-2 थांबवून ओसी-3 आणलं. त्यात अनेक स्वर झेलणारा मोड आला. सुधारणा झाली, तरी बासवाले जुन्या तपकिरी डबीचीच आठवण काढत राहिले. 1982 ते 2003 अशी एकवीस वर्षं ती डबी बनत होती. ती दुर्मीळ नाही, आणि तरीही तिचा भाव चढला. कारण अडखळण्याचा दोष आणि तो गोल आवाज एकाच सर्किटमधून येतात. एक काढला की दुसराही थोडा जातो. शेवटी 2020 मध्ये बॉसने ओसी-5 काढलं आणि त्यात ओसी-2 चा आवाज देणारा व्हिंटेज मोड मुद्दाम घातला. माझं स्पष्ट मत असं, की ज्याला तो आवाज गाण्यात वापरायचा आहे आणि जुन्या वस्तूंचं वेड नाही, त्याने वापरलेलं ओसी-5 घ्यावं. भाव आवाक्यात असतो, सुटे भाग मिळतात आणि कॉर्डसाठी दुसरा मोडही हाताशी राहतो. जपानमध्ये बनलेलं ओसी-2 आणि पुढे तैवानमध्ये बनलेलं ओसी-2 यांच्या भावात जो फरक पडतो, तो संग्राहकांनी पाडलेला आहे. वाजवणाऱ्याने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. चांगल्या अवस्थेतलं तैवानी पेडल खिळखिळ्या जपानी पेडलपेक्षा केव्हाही बरं.

ओसी-2 खेरीज बासवाल्यांच्या खास आवडीची आणखी तीन नावं जुन्या बाजारात वरचेवर दिसतात. एमएक्सआरचं बास ऑक्टेव्ह डिलक्स खालच्या सप्तकाचे दोन वेगळे रंग, ग्राउल आणि गर्थ, एकमेकांत मिसळू देतं. स्वीडनच्या ईबीएसचं ऑक्टाबास एका खटक्यावर तीन आवाज देतं. आग्विलारच्या ऑक्टामायझरमध्ये मूळ स्वर आणि सप्तक यांना वेगवेगळे टोन मिळतात. तिन्ही ॲनालॉग घराण्यातली, म्हणजे वर सांगितलेल्या हाताच्या सवयी त्यांनाही लागू.

पेडल हातात आलं की प्रथम मूळ स्वराचा नॉब शून्यावर न्यायचा आणि एक सप्तक खालचा पूर्ण उघडायचा. बहुतेक विकणारे मूळ स्वर मिसळून वाजवून दाखवतात. त्यात वाईट हेतू नसतो, गाण्यात वापर तसाच होतो, पण त्याखाली दोष दडतात. फक्त खालचा स्वर ऐकला की सगळं उघडं पडतं. जी तारेवर बाराव्या फ्रेटचा एक स्वर छेडा आणि तो विझेपर्यंत थांबा. घाई करू नका. चांगलं पेडल बराच वेळ स्थिर राहतं आणि शेवटी एकदाच फुटून थांबतं. मध्येच थरथरत, उड्या मारत राहिलं तर आधी स्वतःचा टोनचा नॉब उतरवून पुन्हा बघा. तरीही तेच झालं तर शंका घ्यायला जागा आहे. मग एकेक फ्रेट खाली उतरत जा, जी वरून डी, डी वरून ए, आणि मोजणी कुठे कोलमडते ते फ्रेट लक्षात ठेवा. ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटपर्यंत, म्हणजे 65 हर्ट्झपर्यंत, टिकलं तर ॲनालॉग पेडलकडून आणखी मागू नये. नंतर दोन सप्तकं खालचा नॉब एकटा उघडा. एक सप्तक नीट आणि दुसरं गप्प असेल, तर तो हाताचा नाही, सर्किटचा दोष आहे, आणि भाव त्या हिशेबाने ठरवायचा.

नॉब फिरवताना खरखर ऐकू आली तर घाबरायचं कारण नाही, ती धूळ असते आणि काँटॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने बहुधा जाते. जॅकमध्ये केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर सोल्डर सुटलेलं असतं किंवा जॅक सैल झालेला असतो. कारागीर ते थोडक्यात करून देतो, पण भाव पाडायला ते पुरेसं कारण आहे. पायाची कळ दहा-वीस वेळा दाबून बघावी. बॉसच्या पेडलमध्ये त्या मोठ्या पत्र्याखाली एक छोटी कळ असते आणि आवाजाची अदलाबदल सर्किट करतं. एमएक्सआरसारख्या पेडलांत धातूची जाड कळच सगळं काम करते, ती झिजली की आवाज अधूनमधून जातो. दोन्ही बदलता येतात.

बॉसची डबी उघडायला पायाच्या पत्र्याखालचा गोल स्क्रू हातानेच फिरतो. तो सोडवून पत्रा वर घेतला की बॅटरीची जागा दिसते. तिथे वाळलेली पांढरी-हिरवी पूड दिसली तर कधीकाळी बॅटरी फुटून गळलेली आहे. पूड फक्त बॅटरीच्या क्लिपवर असेल तर क्लिप बदलून भागतं, आत पसरली असेल तर पेडल सोडून द्यावं. मग डबी उलटी करून तळाचं लेबल वाचावं. जुन्या ओसी-2 वर एसीए ॲडॅप्टर वापरा असं लिहिलेलं असतं, नंतरच्यांवर पीएसए. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी चांगली पेडलं कवडीमोलाने गेली आहेत. एसीए ॲडॅप्टर 9 व्होल्टपेक्षा बराच जास्त दाब देत असे, म्हणून त्या पेडलांच्या आत तो दाब उतरवायची सोय असते. अशा पेडलला आजचा नेमका 9 व्होल्टचा ॲडॅप्टर लावला की आतल्या सर्किटला कमीच मिळतं, दिवा मंद लागतो आणि आवाज दुबळा येतो. विकणाऱ्याला वाटतं पेडल म्हातारं झालं. अशा वेळी नवी 9 व्होल्टची बॅटरी घालून बघावं, कारण बॅटरीची वाट त्या उतरवणीतून जात नाही. दिवा लख्ख लागला आणि आवाज भरला तर पेडल ठणठणीत आहे. म्हणून पेडल बघायला जाताना माझ्या मते दोन वस्तू बरोबर हव्यातच : स्वतःचा बास आणि कोरी बॅटरी. दुसऱ्याच्या बासवर ऑक्टेव्ह पेडल तपासणं म्हणजे अर्धीच तपासणी.

ॲम्पचंही भान ठेवावं लागतं. घरातल्या छोट्या प्रॅक्टिस ॲम्पच्या स्पीकरला 49 हर्ट्झचा स्वर नीट पेलत नाही, मग चांगलं पेडलही पोकळ वाटतं. त्यापेक्षा चांगले हेडफोन बरे. मोबाइलवर पाठवलेल्या व्हिडिओवर तर निर्णय घेऊच नये. फोनच्या स्पीकरमधून बासचा साधा स्वर आपल्याला ऐकू येतो, कारण त्याचे वरचे हार्मोनिक पोचतात आणि मेंदू त्यांवरून खालचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. ऑक्टेव्ह पेडलच्या गाळलेल्या, गोल स्वरात असे हार्मोनिक थोडेच. फोनमधून तो जवळजवळ नाहीसाच होतो. समोरच्याने फोनऐवजी ऑडिओ इंटरफेसमध्ये थेट रेकॉर्ड करून पाठवलं आणि आपण हेडफोनवर ऐकलं, तरच काही बोध होतो.

भाव ठरवताना लोक मागितलेल्या किमती बघतात आणि फसतात. मागायला कुणीही काहीही मागतो. बघायचं ते प्रत्यक्ष विक्री किती रुपयांना झाली ते. शिकागोत 2013 मध्ये सुरू झालेल्या रिव्हर्ब या वाद्यांच्या बाजारात विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती पाहायला मिळतात, आणि जगभर त्यांचाच आधार घेतला जातो. आपल्याकडे बासवादक गिटारवादकांपेक्षा कमी, त्यात ऑक्टेव्ह वापरणारे आणखी कमी. मुंबई, पुणे, गोवा, बंगळुरू, शिलाँग इथल्या वाजवणाऱ्यांच्या ओळखीपाळखीतून आणि ओएलएक्ससारख्या ठिकाणी वस्तू फिरतात, तेव्हा एखादं पेडल कित्येक महिन्यांनी दिसतं आणि विकणारा म्हणेल तो भाव होतो. अशा वेळी नव्या ओसी-5 ची दुकानातली किंमत डोळ्यांसमोर ठेवावी. ओसी-2 साठी तिच्या फार वर जायची गरज नाही.

परदेशातून मागवण्याचा मोह होतो, कारण जपानमध्ये वापरलेल्या वाद्यांचा बाजार प्रचंड आहे. टोकियोच्या ओचानोमिझू भागात रस्ताभर गिटारची दुकानं आहेत. हार्ड ऑफ नावाच्या दुकानांच्या साखळीत तर 'जंक' म्हणून वेगळा कप्पा असतो : वस्तू चालेल याची हमी नाही, परत घेणार नाही, म्हणून स्वस्त. जपानी वादकांनी वस्तू सांभाळून वापरलेली असते, हे माझ्या पाहण्यात खरं ठरलं आहे. मात्र भारताच्या परदेशी व्यापार धोरणात वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर बंधनं आहेत, वर सीमाशुल्क आणि जीएसटीचा बोजा. कुरिअरने मागवलेली डबी कस्टम्समध्ये अडकू शकते. तिकडे राहणारं किंवा तिकडून येणारं कुणी असेल तर त्याच्या सामानातून आणवणं बरं. आणि एक गोष्ट कधीच विसरू नये : जपानी ॲडॅप्टर 100 व्होल्टचा असतो, अमेरिकन 120 चा. आपल्या 230 व्होल्टच्या भिंतीत तो खुपसला की जळतो, कधी पेडललाही घेऊन जातो. ॲडॅप्टर तिकडेच ठेवावा, इथला 9 व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला घ्यावा. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या काही जुन्या पेडलांना हेडफोनसारखी गोल पिन लागते, तेही आधी विचारून घ्यावं.

आता विकणाऱ्याची बाजू. 'ट्रॅकिंग नीट होत नाही' या शब्दांतून घेणाऱ्याला काहीच कळत नाही, उलट चांगल्या पेडलचा भाव पडतो. 'चार तारांच्या पॅसिव्ह बासवर, मानेचा पिकअप, टोन उतरवलेला, जी तारेच्या बाराव्या फ्रेटपासून ए तारेच्या तिसऱ्यापर्यंत स्वच्छ, त्याखाली अडखळतं' असं लिहिलं की जाणकाराला सगळं कळतं आणि त्याचा तुमच्यावर विश्वास बसतो. फोटो चार हवेत : वरून, तळाच्या लेबलसकट, बॅटरीची जागा उघडून, आणि दिवा लागलेला. तळाला वेल्क्रो चिकटवला असेल तर तो तसाच दाखवावा. तो ओढून काढताना बरेच जण लेबल फाडतात, आणि लेबल गेलं की एसीए की पीएसए हे सांगणारी खूणही गेली. मूळ खोकं असेल तर संग्राहक चार पैसे जास्त देतो, वाजवणाऱ्याला त्याचं काही नसतं. दुरुस्ती झालेली असेल, एखादा नॉब बदललेला असेल, तर तेही लिहावं. चांगल्या कारागिराने बदललेला जॅक ही पेडलची कमतरता नाही, उलट पुढच्याचा एक खर्च वाचलेला असतो.

शक्य असेल तर ओळखीच्या माणसाला आठवडाभर वाजवायला द्यावं. पैसे आधी घ्यावेत, आवडलं नाही तर परत करावेत. ऑक्टेव्ह पेडल बँडमध्ये, ड्रमच्या शेजारी उभं राहून वाजवल्याशिवाय कळत नाही, आणि दुकानातल्या पाच मिनिटांत तर मुळीच नाही. अनोळखी माणसाशी व्यवहार करताना मात्र ही सूट द्यायची नाही. आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, पैसे लगेच पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, असं सांगून विकणाऱ्यांचीच खाती रिकामी करणाऱ्या टोळ्या ऑनलाइन बाजारात अनेक वर्षं फिरत आहेत. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. समोरच्याने पिन टाकायला सांगितलं की तिथेच बोलणं संपवावं.

कुरिअरने पाठवायचं तर बॅटरी आधी काढावी, नाहीतर हेलकाव्यांत ती गळून पोचण्याआधीच नुकसान होतं. नॉब धक्क्याने वाकतात, म्हणून त्यांच्यावर जाड पुठ्ठ्याची टोपी घालून मग बबल रॅप गुंडाळावं आणि खोक्यात दुसरं खोकं ठेवावं. पेडल पोचल्यावर घेणाऱ्याने उघडतानाच व्हिडिओ काढावा, हे दोघांनी आधीच ठरवून घ्यावं. आणि आत एका कागदावर तुम्ही कुठल्या बासवर, कुठला नॉब किती ठेवून ते वाजवत होता हे लिहून टाकावं, कारण पुढच्या वादकाला पहिल्या दिवशी तुमच्याकडून हवी असलेली माहिती तेवढीच असते.